वाद्या कापायची कात्री

"नाव काय हिचं?" वाएलनं विचारलं.

तिजानीनं, माझ्या नवऱ्यानं, ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. शिक्री, शिक्र्याची मादी, त्याच्या डाव्या मुठीवर बसली होती आणि पिवळ्या डोळ्यांनी वाएलच्या जाकिटाकडे टक लावून बघत होती. मीही तिकडेच बघत होते. शिकाऱ्याचं जाकीट, खिसेच खिसे. चहा द्यायला वाकले तेव्हा मोजले, चौदा भरले. चौदाच्या चौदा रिकामे.

"काका, नाव?"

"नाव नाही."

"असं कसं? घरातल्या मांजरालासुद्धा नाव असतं."

"मांजर घरात राहतं," तिजानी म्हणाला.

वाएल हसला. ट्यूनिसहून आलेला, तिशीतला मुलगा, दिसायला गोड. टीव्हीवर निसर्गाचा एक कार्यक्रम करायचा. तो कॅमेरावाल्याकडे वळून म्हणाला, "आपण अमीरा म्हणू. 'अमीरा, आकाशाची राजकन्या.' आणि ससाणा म्हणायचं, शिक्रा कुणाला कळणार?"

"ससाणा नाही ती," तिजानी म्हणाला. "ससाणा हिच्या दुप्पट असतो."

"पडद्यावर आकार कळत नाही, काका."

आमच्या हवारिया गावात शिक्रीला नाव ठेवत नाहीत. एप्रिलमध्ये ती समुद्र ओलांडून सिसिलीला निघालेली असते, तेव्हा डोंगरावर जाळ्यात सापडते. नर सापडला तर तिथल्या तिथे सोडायचा. मादी ठेवायची, तीही माणशी एकच. दोन महिने ती मुठीवर राहते, शेतातल्या लावऱ्या धरून देते, आणि जून सरायच्या आत तिला सोडून द्यायचं. हे सगळं आमच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं आहे, आणि नाव न ठेवणंही त्यातलंच. तिजानीचा बाप म्हणायचा, नाव ठेवलेल्या पाखराला हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारणाऱ्याचा हात जूनमध्ये उघडत नाही.

तिजानी नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचायचा. तीस वर्षं लोकांच्या दाराबाहेर वाकून आकडे लिहिले. त्या कामात त्याला कुणी नावानं ओळखलं नाही, सगळे 'पाणीवाला' म्हणत. पण एप्रिल ते जून तो डोंगरावरून खाली यायचा तेव्हा कॉफीच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्च्या सरकायच्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली, सदतीस शिक्र्या आल्या आणि छत्तीस गेल्या. प्रत्येक वेळी सोडायच्या दिवशी सकाळी तो माझ्या शिवणाच्या डब्याशी येऊन म्हणायचा, "कात्री दे." काजांची छोटी कात्री, टोकदार. शिक्रीच्या दोन्ही पायांत चामड्याच्या वाद्या असतात आणि एका पायात घुंगरू. ते कापून काढल्याशिवाय तिला सोडायचं नाही. वाद्या घेऊन उडालेलं पाखरू पहिल्या झाडावर अडकतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट, सोडायच्या आदल्या संध्याकाळी तिला पोटभर खायला घालायचं. भरल्या पोटी ती मागे वळून बघत नाही.

टीव्हीवाल्यांना घरात घ्यायला तिजानी तयार झाला तो आमच्या नझीहामुळे. नझीहा आमची एकुलती एक. स्फाक्सला शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी शिकारीवरचा एक कार्यक्रम लागला होता. मोठ्या मोठ्या गाड्या, वाळवंट, ढोल, आणि मेलेल्या पाखरांच्या ढिगावर बूट ठेवून हसणारे लोक. मध्येच अर्धा मिनिट आमचा डोंगर दाखवला, जाळ्यांसकट. नझीहाच्या मुलीनं, सिरीननं, ते पाहिलं. तिला डोंगर ओळखू आला. रात्रभर रडली म्हणे.

"बाबा, ती विचारतेय आजोबा पण असंच करतात का," नझीहा फोनवर म्हणाली. "मी काय सांगू तिला?"

"सांग की आजोबा सोडतात."

"धरायचं, दोन महिने राबवून घ्यायचं, मग सोडायचं. यात मोठेपणा कसला आहे, बाबा?"

तिजानीकडे उत्तर होतं, पण ते फोनवर मावणारं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही थोडा नझीहाचाच प्रश्न होता. लावरीला विचारलं तर लावरी काय सांगेल, हे मी सदतीस वर्षांत त्याला कधी विचारलं नाही. मी लावऱ्या सोलल्या, वाटाण्यात शिजवल्या, कुसकुसवर वाढल्या. त्यानं एकही वाया घालवली नाही आणि जास्तीची एकही मारली नाही, एवढं मी पाहिलं होतं. माझ्यापुरतं ते पुरलं. नझीहाला पुरलं नाही. ती यायचीच बंद झाली. सुट्टीत सासरी जाते, म्हणते जवळ पडतं.

म्हणून वाएलचा फोन आला आणि तो म्हणाला, "आम्हाला मारणं नको, काका, सोडणं दाखवायचंय," तेव्हा तिजानी तिसऱ्या दिवशी हो म्हणाला. "एकदा तिनं बघितलं ना," मला म्हणाला, "तर तोंडानं सांगायला नको."

तर पहिला दिवस शिकारीचा. हमादीही बरोबर आला. हमादी तिजानीचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याचीही शिक्री असते, आणि तोंडाला कुलूप नसतं. गव्हाच्या कापलेल्या शेतात दोघं चालत होते, मागून वाएल, त्याच्या मागे कॅमेरा. लावरी उठली, शिक्री सुटली, बांधाच्या पलीकडे दोघी दिसेनाशा झाल्या. सगळं मिळून चार-पाच श्वासांचं काम.

"झालं?" वाएल म्हणाला.

"झालं," हमादी म्हणाला. "तू काय समजलास, मध्यंतर असतं?"

कॅमेऱ्यात काहीच आलं नव्हतं. दुपारपर्यंत पाच लावऱ्या उठल्या, दोन सापडल्या, आणि कॅमेऱ्यात आली ती हमादीची पाठ. तिसऱ्या प्रहरी वाएलच्या गाडीतून एक खोका निघाला. आत फडफड चाललेली. पिंजऱ्यात वाढवलेल्या लावऱ्या, एका पंखाची पिसं कापलेल्या.

"एक पायाला दोरा बांधून गवतात ठेवू," वाएल म्हणाला. "दोरा दिसणार नाही. तीन कोनांतून घेऊ."

तिजानीनं खोक्याचं झाकण लावलं. "नाही."

"काका, शेवटी लावरी मरणारच ना? आता मेली काय, मघाशी मेली काय."

"मघाशी तीन निसटल्या."

"हो, म्हणूनच तर—"

"त्या निसटतात म्हणून मी शेतात जातो," तिजानी म्हणाला. "निसटायचीच नसेल तर खाटकाकडे जाईन. तो चांगला माणूस आहे, पैसेही कमी घेतो."

वाएलनं खांदे उडवले. खोका परत गाडीत गेला. त्या संध्याकाळी तिजानी खुशीत होता. हातपाय धुताना मला म्हणाला, "बघितलंस? ऐकतो तो. मुलगा वाईट नाही." मलाही तसंच वाटलं. वाईट नव्हताच तो.

जेवायच्या आधी वाएल ओट्यावर येऊन बसला. "मावशी, ही रोटी तुम्ही भाजली?" वगैरे झालं. मग म्हणाला, "काका, उद्या सकाळी सोडायचं. फक्त एक. आज तिला खायला घालू नका."

"सोडायच्या आदल्या दिवशी घालतात."

"माहीत आहे. पण आजच्यासारखं झालं तर? ती एकदा गेली की गेली. उद्या वाद्यांसकट एकदा-दोनदा उडवू, तुम्ही मांस दाखवून परत बोलवा, तेवढ्यात आम्ही कॅमेरा नीट लावून घेतो. मग वाद्या कापा, पोटभर घाला, आणि खरं सोडा. खरं सोडणं एकदाच. शब्द देतो."

शिक्री अंगणातल्या अड्ड्यावर, लाकडी दांड्यावर, बसली होती. खाण्याची वेळ झाली होती आणि तिला ते कळत होतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, घुंगरू वाजत होतं.

तिजानीनं माझ्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांत शिक्रीच्या बाबतीत त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ते त्याचं खातं.

"एवढा म्हणतोय तर राहू दे ना एक दिवस उपाशी," मी म्हटलं. "नझीहा बघेल."

हे मी म्हटलं. त्यानं नाही, वाएलनं नाही. मी.

सकाळी आम्ही कड्यावर होतो. खाली समुद्र, वारा जमिनीकडून, आभाळ स्वच्छ. सोडायला असा दिवस वर्षातून तीनदा मिळतो. कात्री माझ्या झग्याच्या खिशात होती. मी पहिल्यांदाच सोडणं बघायला आले होते. बायका येत नाहीत असं नाही, पण सकाळी चूल, शिवण, माझी वेळ कधी जमली नाही. त्या दिवशी मी डोक्यावर नवा रुमाल बांधला होता, कॅमेऱ्यात आले तर.

पहिल्यांदा ती उडाली, वळली, तिजानीच्या मुठीतल्या मांसावर येऊन बसली. एक घास मिळाला.

"सुंदर," वाएल म्हणाला. "सूर्य अजून थोडा वर येऊ दे. आणखी एकदा."

दुसऱ्यांदा गेली ती लांब गेली, पाण्यावर. तिजानीनं शीळ घातली आणि ती आली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा कसा झाला होता ते सांगते. नझीहा पहिल्यांदा चालली आणि त्याच्या गुडघ्याला येऊन धडकली, तेव्हा तसा झाला होता. शिक्री सोडायला नेलेल्या कड्यावरून परत येत नसते. छत्तीस गेल्या, एकही आली नव्हती. त्याला ते आवडलं. मला दिसलं की आवडलं, आणि मला बरं वाटलं नाही.

"बास आता," तो म्हणाला. "कात्री दे."

मी खिशात हात घातला.

"काका, शेवटचं एकदा," वाएल म्हणाला. "वरून घेतो. ड्रोननं. अर्धं मिनिट. मग खरं."

ड्रोन म्हणजे ते चार पंख्यांचं यंत्र. गवतावर ठेवलेलं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिजानीच्याही आलं नसावं, कारण त्यानं हात आधीच उचलला होता. शिक्री सुटली आणि यंत्र किंचाळत वर उठलं. आमच्या आभाळात गरुड आला की शिक्री जे करते तेच तिनं केलं. समुद्राकडे तोंड होतं ते फिरवलं, आमच्या डोक्यांना घासत गेली आणि डोंगरावरच्या पाइनच्या झाडीत शिरली. घुंगरू थोडं ऐकू आलं. मग आलं नाही.

तिजानीनं शीळ घातली. मांस उंच धरलं. पुन्हा शीळ.

वाएल यंत्राच्या पडद्यात वाकून बघत होता. "काका," तो म्हणाला, "काय आलंय हे. वळायच्या आधी सरळ सूर्यात गेली. दुसऱ्या वेळचं आणि हे जोडलं की झालं काम."

"वाद्या पायातच आहेत."

"दिसत नाहीत, काका. समोर सूर्य होता."

तिजानी त्याच्याकडे बघत राहिला. वाएल बिचारा ओशाळला, म्हणाला, "येईल ना ती परत? भुकेली आहे." मग दोन तास तेही शोधायला फिरले. दुपारी त्यांना बिझर्तला पोचायचं होतं. जाताना वाएलनं माझ्या हातात बदामाच्या मिठाईचा खोका दिला आणि म्हणाला, "सापडली की कळवा, मावशी."

शोधायला तिजानी आणि हमादी गेले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा डोंगराच्या पोटातून घुंगरू ऐकू आलं. घरापर्यंत. मी अंगणात उभी राहून ऐकलं.

"जिवंत आहे," तिजानी रात्री येऊन म्हणाला. "फिरतेय. उद्या भूक खाली आणेल."

"राजकन्या आहे ती आता," हमादी म्हणाला. "महाल बघत असेल. मीटर वाचणाऱ्याच्या घरी कशाला येतेय?"

तिजानी हसला. हसला म्हणून मीही त्या रात्री झोपले.

दुसऱ्या दिवशीही वाजत होतं. थांबून थांबून, जोरात, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. आमच्या डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या जुन्या खाणी आहेत, रोमन लोकांच्या वेळच्या. तिथे आवाज शिरला की कुठून आला ते समजत नाही. दोघं दिवसभर खाणींच्या बाजूची झाडं शोधत होते. तिजानी मांस घेऊन खडकाखडकावर उभा राहिला. शीळ घालून त्याचे ओठ फुटले.

"सारखी हलतेय," तो म्हणाला. "एका जागी थांबत नाही. चांगलंय. ताकद आहे अजून."

तिसऱ्या दिवशी सकाळी थोडं वाजलं. दुपारी बंद झालं.

ती हमादीला सापडली, झाडीच्या समुद्राकडच्या कडेला, जिथे ती थांबली असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. कड्यापासून हाकेच्या अंतरावर. पाइनच्या एका फांदीला दोन्ही वाद्यांचा पीळ बसला होता आणि ती उलटी लटकत होती. ती कुठे फिरतच नव्हती. पहिल्या दिवशी, पहिल्याच झाडाला अडकली होती. आम्ही तीन दिवस जे ऐकत होतो आणि ज्याला जिवंत आहे, ताकद आहे म्हणत होतो, ते तिचं सुटायला धडपडणं होतं.

हमादीनं हे सांगितलं नाही. त्यानं फक्त फांदी तोडून, तिच्यासकट, पंच्यात गुंडाळून आणली आणि अड्ड्याखाली ठेवली. फांदीची साल वाद्यांखाली गोल घासली गेली होती, पार पांढरी. ती बघून तिजानीला समजलं आणि त्याच्याकडे बघून मला.

तो तिच्याशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "कात्री दे."

मी दिली. त्यानं आधी उजव्या पायातली वादी कापली, मग डाव्यातली, मग घुंगरू. जसं दर जूनमध्ये करतो तसंच, चामडं ओढू न देता, बोट मध्ये घालून, कातडीला टोक लागू नये म्हणून. कात्री अड्ड्यावर ठेवली. तिला अंगणाच्या कोपऱ्यात पुरली, लिंबाखाली. हमादी म्हणाला चहा घे, त्यानं घेतला.

कार्यक्रम ऑक्टोबरमध्ये लागला. आम्ही दोघंच बघायला बसलो. तिजानीनं न बघायचं म्हटलं होतं, पण बसला. छान केला होता, काय सांगू. आमचं घर आलं, मी दोन सेकंद आले, नव्या रुमालात. गवतात एक लावरी बसली होती, ती उठायचा प्रयत्न करत होती, उठत नव्हती, आणि वरून शिक्री आली, सगळं सावकाश, पीस न् पीस दिसत होतं. ते आमचं शेत नव्हतं आणि ती आमची शिक्री नव्हती.

मग कडा. तिजानीचा हात वर गेला. तो चेहरा दाखवला, दुसऱ्या वेळचा. ती परत आली तेव्हाचा चेहरा, पण पडद्यावर तो ती जाताना लावला होता. मग ती सूर्यात गेली, मागे सारंगीसारखं काहीतरी वाजत होतं, आणि एक करुण किंकाळी ऐकू आली.

"शिक्री अशी ओरडत नाही," तिजानी म्हणाला. "गरुड आहे तो."

पडद्यावर वाएल सांगत होता की अशा रीतीनं अमीरा आपल्या आकाशात परत गेली, आणि प्रेम म्हणजे मूठ उघडणं.

पाच मिनिटांत फोन वाजला. मी उचलला. नझीहाला बोलता येत नव्हतं. मी फोन तिजानीच्या हातात दिला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. तुमचा चेहरा बघितला मी. मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. चार वर्षं मी..."

"असू दे," तिजानी म्हणाला.

"सिरीन उड्या मारतेय. सगळ्या वर्गाला सांगणार म्हणते. तिला विचारायचंय, अमीरा आता कुठे असेल?"

मी त्याच्याकडे बघत होते. अंगणाच्या कोपऱ्याकडे त्याला मान वळवायची गरज नव्हती.

"सिसिलीला," तो म्हणाला. "कधीच पोचली."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तिला सांगायचं का आपण? कधीतरी?"

"येणार आहेत त्या. ईदला."

"हो, पण—"

"चार वर्षांनी येतायत, शादलिया," तो म्हणाला, आणि त्यानं टीव्ही बंद केला.

त्या आल्या ईदला. सिरीन अड्ड्यापाशी गेली, तेव्हा तिजानीनं तिला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि समुद्र दाखवला. चार दिवस राहिल्या. नझीहा बापाशी इतकी गोड कधीच वागली नव्हती. तो तिच्या डोळ्यांकडे न बघता तिच्या ताटात वाढत राहिला.

एप्रिलमध्ये डोंगरावर जाळी लागली. हमादी वनखात्यातून येताना दारात थांबला.

"तुझा पाखराचा परवाना आलाय. सही करून ने म्हणतात. की टीव्हीवाले लोक आता सह्या घरबसल्या देतात?"

"राहू दे तिथेच," तिजानी म्हणाला.

"यंदा पाखरू चांगलं आहे, तिजानी. वारा चांगला आहे."

"तू जा."

हमादीची नजर अड्ड्यावर गेली, मग माझ्याकडे, मग तो गेला.

कात्री अजून तिथेच आहे, अड्ड्यावर, त्यानं ठेवली तशी. पावसाळी हवेनं गंजली आहे, पाती एकमेकांना चिकटली आहेत. तो तिच्याकडे बघत नाही, मी तिला हात लावत नाही. आठवड्याच्या बाजारात तशा कात्र्या ढिगानं मिळतात. मी तिथून जाते, बघते आणि पुढे जाते.

काजं करायला बसले की दोरा दातानं तोडते. पुढचा एक दात आता थोडा हलतो. पण तुटतो दोरा.